एक दिवस कोरा

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचे ठरले, की मराठी घरात सगळ्यात आधी एक तक्ता तयार होतो. एका रकान्यात तारखा, दुसऱ्यात गावे, तिसऱ्यात किलोमीटर. तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर जातो आणि तिथे त्यात भर पडत राहते. कोणाच्या साडूने पाहिलेला धबधबा राहून गेलेला असतो, कोणाला मुलांना देवमासे दाखवायचे असतात. बघता बघता बारा दिवसांत सतरा ठिकाणे बसतात आणि एकही दुपार मोकळी उरत नाही. एवढा खर्च करून जायचे तर काही सुटायला नको, ही भावना समजण्यासारखी आहे. तरीही असा तक्ता बहुतेकदा चुकतो. तो कुठे चुकतो, हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर फार स्पष्ट दिसते.

या बेटाची ओढ आपल्याकडच्या चालकाला वाटावी अशी कारणे आहेत. गाडी डावीकडूनच चालवायची. पाट्या इंग्रजीत. डोंगर आणि समुद्र इतके जवळ, की सकाळी बर्फाची शिखरे पाहावीत आणि दुपारी किनाऱ्यावर डबा उघडावा. सर्वसाधारण फेरी अशी आखली जाते : क्राइस्टचर्चहून निघून आर्थर्स पास ओलांडायचा आणि पश्चिम किनाऱ्यावर होकिटिकाला उतरायचे, किनारा धरून फ्रान्झ जोसेफ आणि फॉक्स या हिमनद्यांच्या गावी जायचे, तिथून हास्ट खिंडीतून वानाका, क्वीन्सटाउन, ते आनाऊ आणि मिलफर्ड साउंड, परतताना माउंट कुक आणि टेकापोचे सरोवर. सगळे मिळून 1900 किलोमीटरच्या आसपास. ताशी 70 धरले तर सत्तावीस तास. बारा दिवसांत सत्तावीस तास म्हणजे रोजचे सव्वादोन तास, हातचा मळ. गणितात चूक नाही. फक्त हे गणित द्रुतगती मार्गाचे आहे, आणि या फेरीचा बहुतांश रस्ता दोन पदरी, डोंगराला बिलगून जाणारा, मध्येच एका गाडीच्या रुंदीचा होणारा.

तिथला भूगोल आपल्याला परका नाही, ही त्यातल्या त्यात सोयीची गोष्ट. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, कोकण चिंब होते आणि माण-खटाव कोरडेच राहते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दक्षिण बेटावर हेच घडते, फक्त माप मोठे आहे. टास्मान समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे सदर्न आल्प्सच्या भिंतीवर आदळतात. या भिंतीचे सर्वांत उंच शिखर, आओराकी अथवा माउंट कुक, 3724 मीटरचे. कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. समुद्रापासून भिंतीच्या माथ्यापर्यंतचे अंतर मात्र काही ठिकाणी तीस-पस्तीस किलोमीटरच. परिणामी मिलफर्ड साउंडला वर्षाला सुमारे 6800 मिलिमीटर पाऊस पडतो आणि डोंगराच्या पूर्वेकडच्या अलेक्झांड्रात जेमतेम 350. एका दिवसाच्या प्रवासात महाबळेश्वर मागे टाकून म्हसवडला पोहोचावे, तसा हा प्रकार.

साम्य इथे संपते. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि उरलेले आठ महिने आपण छत्री माळ्यावर टाकतो. मिलफर्डला पावसाचा ऋतू नाही. सगळेच महिने त्याचे. म्हणून 'पावसाळा टाळून जाऊ' हा आपला हुकमी उपाय तिथे लागू पडत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या भर उन्हाळ्यातही किनाऱ्यावर सलग दोन दिवस धार लागू शकते आणि ज्या हिमनदीसाठी आपण आलो, ती ढगाच्या पडद्याआड राहू शकते.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. पुण्याहून कोकणात उतरताना वरंध घाट बंद असला, तर आपण ताम्हिणीने जातो. सह्याद्रीत घाटवाटांची ददात नाही. एक गेली तर शेजारची असते. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मोटारीचा रस्ता एक आहे. फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या दोन गावांत 23 किलोमीटरचे अंतर. मार्च 2019 मध्ये अतिवृष्टीत फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला. तो पुन्हा उभा राहीपर्यंत अडीच आठवडे गेले, आणि तेवढे दिवस या गावाहून त्या गावाला गाडीने जायचे तर अख्ख्या डोंगररांगेला वळसा घालून हजारभर किलोमीटर जाणे भाग होते. त्या दिवसांत तिथे पोहोचलेल्या पर्यटकाच्या तक्त्यात 'फॉक्स ते फ्रान्झ, अर्धा तास' असे लिहिलेले असणार.

ही अपवादात्मक घटना आहे, असे वाटेल. पण या रस्त्यांचा इतिहासच अशा घटनांचा आहे. हास्ट खिंडीतून पलीकडे जाण्याची वाट माओरी लोकांना जुन्या काळापासून ठाऊक होती. किनाऱ्यावर सापडणारा हिरवा दगड, पोउनामू, अशाच वाटांनी पूर्वेकडे जाई. आपल्या नाणेघाटाची आठवण व्हावी अशी ही गोष्ट. मोटारीचा रस्ता मात्र वानाकाकडून हास्टपर्यंत पोहोचायला 1960 साल उजाडले, आणि तिथून उत्तरेकडे किनाऱ्याने तो जोडला गेला 1965 मध्ये. म्हणजे हा 'निसर्गरम्य मार्ग' आपल्या कोयना धरणाच्या पिढीतला आहे. सप्टेंबर 2013 मध्ये याच खिंडीत डायना फॉल्सपाशी दरड कोसळली आणि त्यानंतर दीर्घकाळ हा रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. पूर्वेच्या किनाऱ्यालाही सूट नाही. 14 नोव्हेंबर 2016 च्या भूकंपाने काइकोराजवळचा राष्ट्रीय महामार्ग ढिगाऱ्याखाली गेला. तो उघडायला तेरा महिने लागले. काइकोरा हे देवमाशांसाठीच प्रसिद्ध असलेले गाव.

मिलफर्डच्या रस्त्याची कथा तर या सगळ्यावर कडी करणारी. ते आनाऊपासून मिलफर्डपर्यंत सुमारे 120 किलोमीटर. शेवटच्या टप्प्यात ग्रॅनाइटची उभी भिंत आडवी येते. ती फोडण्याचे काम 1935 मध्ये मंदीच्या काळात पाच माणसांनी, कुदळी-फावडी आणि ढकलगाड्या घेऊन सुरू केले. हिमकडे कोसळून माणसे दगावली, मध्ये महायुद्ध आले, आणि अवघा सव्वा किलोमीटरचा होमर बोगदा मोटारींना खुला झाला तो 1954 मध्ये. बोगदा आतून चक्क उतरता आहे. दहा मीटरला एक मीटर असा उतार. दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या तर अडचण, म्हणून गर्दीच्या दिवसांत तोंडाशी सिग्नल लावून एका वेळी एकाच बाजूची वाहतूक सोडतात. तिथे थांबलात, की केआ नावाचे डोंगरी पोपट येऊन गाडीच्या खिडक्यांचे रबर चोचीने उपटू लागतात. मुलांना हा सगळ्या सहलीतला सर्वांत आवडता प्रसंग वाटण्याची शक्यता आहे, भाड्याच्या गाडीच्या मालकाला नव्हे.

हे सारे ध्यानात घेतले, तर प्रवास किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही हे पटते. मग मोजायचा कशात? आमच्या मते उजेडाच्या तासांत. क्वीन्सटाउनला डिसेंबरच्या अखेरीस सूर्य रात्री साडेनऊला मावळतो. एप्रिलच्या अखेरीस तोच पावणेसहाला जातो. आपल्या शाळांच्या सुट्टीशी हे ताडून पाहायला हवे. परीक्षा आटोपून एप्रिल-मेमध्ये निघणाऱ्या कुटुंबाला तिथला शरद मिळतो : अॅरोटाउनची पिवळीधमक झाडे, तुलनेने शांत हवा, कमी गर्दी, पण दिवस जेमतेम दहा तासांचा, आणि मे लागला की डोंगरातल्या सावलीच्या वळणांवर सकाळी न दिसणारा बर्फाचा पापुद्रा. मिलफर्डच्या रस्त्यावर मे ते नोव्हेंबर या काळात चाकांच्या साखळ्या जवळ बाळगण्याची सक्ती होऊ शकते. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो, म्हणजे वाऱ्याचा आणि पावसाचा जोर, शिवाय हिमकडे सुटण्याचा हंगाम पुरता सरलेला नसतो. नाताळची सुट्टी उजेडाच्या दृष्टीने सर्वांत उदार. पण तेव्हा सारे न्यूझीलंडही सुट्टीवर असते आणि मोटेलच्या खोल्या महिनोन्‌महिने आधी संपतात.

हाच उजेडाचा हिशोब मिलफर्डला लावून पाहावा. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड रस्त्याने 290 किलोमीटर. जायला चार तास, यायला चार, मध्ये दोन तासांची बोट. तक्त्यात हा 'एक दिवस' असतो. मेमध्ये याचा अर्थ अंधारात निघून अंधारात परतणे, आणि ज्याच्यासाठी गेलो त्या रस्त्याचा काही भाग दोन्ही वेळा काळोखात हरवणे. ते आनाऊला दोन रात्री राहिले तर हाच प्रवास निम्म्यावर येतो. तेवढे दिवस नसतील, तर क्वीन्सटाउनहून बस मिळते. गाडी चालवायला गेलेल्या माणसाने एक दिवस बसने जाणे कमीपणाचे नाही. उलट चालकालाही त्या दिवशी खिडकीबाहेर पाहता येते, जे त्याला एरवी बारा दिवसांत मिळत नाही.

पहिल्या दिवसाचे तर वेगळेच. क्राइस्टचर्चला उन्हाळ्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्रीनंतरचे साडेबारा झालेले असतात. विमान बदलत, ताटकळत पोहोचलेला माणूस विमानतळावरच किल्ली घेतो आणि लगेच आर्थर्स पासकडे निघतो. घड्याळ सकाळ दाखवते, शरीर झोप मागते. पुढे ओटिरा दरीत 1999 मध्ये बांधलेल्या 440 मीटरच्या उड्डाणपुलावरून तीव्र उतारावर गाडी उतरवायची असते. ही दरी जागेपणी पाहण्यासारखी आहे. म्हणून पहिली रात्र क्राइस्टचर्चमध्येच काढावी, यात दुमत असू नये.

गाडी चालवण्याबद्दल आपला आत्मविश्वास दांडगा असतो, आणि तो निराधारही नाही. ज्याने पुण्यातली संध्याकाळ काढली, त्याला रिकाम्या रस्त्याचे कसले भय? भय त्या रिकामेपणाचेच आहे. 2015 च्या सुमारास परदेशी पर्यटकांच्या बेफिकीर चालवण्याला वैतागून तिथल्या रहिवाशांनी गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्याच्या घटना घडल्या होत्या. तेव्हा चर्चा मुख्यतः उजवीकडून चालवण्याची सवय असलेल्यांची झाली. रस्त्यांवर बाण रंगवले गेले, माहितीपत्रके निघाली. आपण त्या गटात नाही. आपल्या सवयी वेगळ्या. समोर कोणी दिसत नाही म्हणून मधली पिवळी अखंड रेघ ओलांडणे, वळणावर हॉर्न देऊन पुढे घुसणे, दृश्य आवडले की रस्त्यातच गाडी उभी करून दारे उघडणे. तिथे हॉर्न म्हणजे शिवी समजतात. खुल्या रस्त्यावर कमाल वेग ताशी 100 किलोमीटर आहे, पण वळणापूर्वीच्या पिवळ्या पाटीवर 35 लिहिले असेल, तर ते खरोखर पस्तीसचेच वळण असते. तो आकडा घासाघीस करून वाढवण्यासाठी लिहिलेला नसतो.

एकेरी पुलांचा नियम शिकून घ्यायला पाच मिनिटे लागतात आणि तो आयुष्यभर कामी येतो. निळ्या चौकोनी पाटीवर आपला बाण मोठा असेल, तर आधी जाण्याचा हक्क आपला. लाल कडेच्या गोल पाटीवर आपला बाण छोटा आणि लाल असेल, तर समोरच्याला जाऊ द्यायचे. हक्क आपला असला तरी समोरची गाडी पुलावर चढलेली असेल, तर थांबायचे. कोणी हात दाखवून आभार मानतो. त्यात आपल्याला काही तरी चुकते आहे असे पहिले दोन दिवस वाटत राहते.

हळू चालवायला तिथे कोणाची हरकत नाही. मागे रांग साचू दिली, तर मात्र आहे. जागा मिळताच डावीकडे बाजूला होऊन मागच्यांना वाट द्यायची, हा कायदा आहे आणि सौजन्यही. आपल्याकडे ओव्हरटेक होऊ देणे म्हणजे हार पत्करणे असते. ते ओझे सामानात भरून न्यायचे कारण नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात. भारतीयांना व्हिसा लागतो आणि तो निघाल्याशिवाय परत न मिळणारी कोणतीही नोंदणी करू नये. महाराष्ट्रातला स्मार्ट कार्डाचा परवाना इंग्रजीत असल्याने तिथे चालतो. तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा, गाडी भाड्याने देणाऱ्याशी काउंटरवर वाद घालण्याची वेळ येत नाही. सात वर्षांखालच्या मुलांना त्यांची वेगळी आसने सक्तीची आहेत. मांडीवर बसवणे विसरायचे. डिझेलची कॅम्परव्हॅन घेणाऱ्याने एक गोष्ट पाहावी : पंपावर डिझेल स्वस्त दिसते, कारण त्यावरचा रस्ताकर किलोमीटरच्या हिशोबाने वेगळा भरावा लागतो, आणि भाड्याच्या व्हॅनला तो शेवटी बिलात येतो.

विम्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. तिथे 1974 पासून एक सार्वजनिक योजना आहे, जी अपघातात जखमी झालेल्या परदेशी पाहुण्याच्याही तिथल्या उपचारांचा भार उचलते, चूक कोणाची हे न विचारता. ऐकायला हे फार आश्वासक वाटते; पण तीत आजारपण येत नाही, बुडालेले बुकिंग येत नाही. त्यासाठी आपला प्रवास विमा वेगळाच हवा. गाडीच्या विम्यात नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपल्याला भरावा लागतो, आणि स्वस्त भाड्याच्या आड तो हिस्सा बराच मोठा असतो. शिवाय काही रस्त्यांवर विमाच लागू होत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा कच्चा रस्ता हे त्याचे ठळक उदाहरण. छायाचित्रात तो मोह पाडतो. तिथे स्वतःची गाडी न नेता स्थानिक चालकाच्या गाडीतून जावे.

आणि खाणे. हा विषय तक्त्यात नसतो, पण पहिल्या दिवसापासून बोलण्यात असतो. जैवसुरक्षेबाबत हा देश अत्यंत कडक आहे. सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ, ट्रेकच्या बुटांना लागलेली मातीसुद्धा, उतरण्यापूर्वीच्या जाहीरनाम्यात सांगावी लागते. सांगितले तर फार तर पदार्थ काढून घेतात. न सांगता सापडले तर जागीच 400 न्यूझीलंड डॉलर दंड. आजीने प्रेमाने दिलेली साजुक तुपाची बरणी घरीच ठेवलेली बरी. मोटेलच्या बहुतेक खोल्यांत छोटेसे स्वयंपाकघर असते, हे मात्र शाकाहारी कुटुंबासाठी मोठे वरदान. होकिटिका अथवा ग्रेमाउथला भाजी-किराणा भरून घ्यावा, कारण पुढे हास्टपर्यंत दुकाने तुरळक आणि संध्याकाळी लवकर बंद होणारी. पेट्रोलचेही तेच : दिसले की भरावे. हास्ट खिंडीत आणि मिलफर्डच्या वाटेवर मोबाइलला भरवशाची रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेवावेत.

आता तक्त्याकडे परत. आमची सूचना साधी आहे : दर चार-पाच दिवसांमागे एक दिवस कोरा सोडावा, त्यात गावाचे नाव असावे आणि बाकी काही नसावे. बारा दिवसांत असे दोन. ते कुठे सोडायचे यालाही तर्क आहे. शहरात आळस करण्यासाठी त्यांचा उपयोग नाही. जिथे हवा बेभरवशाची आणि रस्ता एकच, तिथे ते असावेत. म्हणजे एक हिमनद्यांच्या गावी आणि दुसरा ते आनाऊला. या दोन ठिकाणच्या खोल्या रद्द करता येतील अशाच घ्याव्यात. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगराच्या पश्चिमेला असू नये, हाही त्याच हिशोबाचा भाग. सकाळी उठल्यावर तिथल्या परिवहन यंत्रणेच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहायची आणि मग ठरवायचे.

यावर घरातून हमखास येणारा आक्षेप म्हणजे पैशाचा. एका रिकाम्या दिवसाला चौघांची खोली, गाडीचे भाडे, जेवण. तेवढ्यात एक ठिकाण अधिक झाले असते. हिशोब बरोबर आहे. पण रस्ता बंद झालाच तर बुडणारी पुढची तीन बुकिंग, घाईत हाकलेली रात्रीची गाडी आणि पुढच्या सीटवरचा अबोला यांची किंमतही त्याच वहीत मांडायला हवी. शिवाय रस्ता बंद न झाल्यास तो दिवस वाया जात नाही. हिमनद्यांच्या गावी मोकळी सापडलेली सकाळ म्हणजे ढग वर चढण्यापूर्वी माउंट कुकचे प्रतिबिंब पाहायला मॅथेसन तळ्यावर जाण्याची संधी. नेमक्या दिवशी तिथे पोहोचलेल्याला बहुधा धुकेच दिसते. ग्रेमाउथहून पुनाकाइकीकडे वाट वाकडी केली, तर चुनखडकाच्या विवरांतून समुद्र फवाऱ्यासारखा उसळतो तो भरतीच्या वेळी. ओहोटीला गेलेला माणूस पाच मिनिटांत फोटो काढून निघतो आणि एवढे कौतुक कशाचे असे विचारतो. भरती तक्ता पाहून येत नाही.

मिलफर्डच्या पावसाचे आणखी एक सांगायला हवे. तिथे पाऊस लागला की लोक हिरमुसतात आणि बोटीच्या काचेवरचे थेंब मोजत बसतात. ज्यांनी ते दृश्य पाहिले आहे, ते मात्र पावसातच जा म्हणतात. कोरड्या दिवशी त्या कड्यांवर मोजके मोठे धबधबे असतात. मुसळधार पाऊस झाला, की हजार मीटर उंचीच्या उभ्या भिंतींवरून शेकडो पांढऱ्या रेघा खाली सुटतात आणि पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात विरून जातात. दुसऱ्या सकाळी ऊन असेल तर पाणी काळेनिळे, स्तब्ध, त्यात मायटर पीक उलटे उभे. ते आनाऊला ज्याच्याकडे एक दिवस शिल्लक आहे, त्याला या दोन्ही सकाळी मिळू शकतात.